उत्तररंग

कीर्तनाचा पूर्वरंग चालू असता डुलक्या घेणारी आणि उत्तररंगातील आख्यान सुरू होताच सावरून बसणारी मंडळी आम्ही लहानपणी चिंचवडच्या देवळात पुष्कळ पाहिली आहेत. बोलपटांच्या जगात मात्र हा न्याय उलटा आहे. तेथे पूर्वरंग जागेपणी पाहावा आणि उत्तररंगात खुशाल झोप काढावी, असा आमचा आजवरचा अनुभव. एखादे चित्र एकदा चालले, की त्याचाच चोथा पुन्हा उकळून दुसरा पेला पुढे करावयाचा, ही त्या धंद्याची जुनी रीत. आणि चोथ्याचा चहा कसा लागतो हे उशिरा आलेल्या पाहुण्यांस सांगावयास नको. म्हणून गतवर्षीच्या पावसाळ्यात एका रविवारी संध्याकाळी आमच्या धाकट्या चिरंजीवांनी 'स्पाय किड्स'चा दुसरा भाग लावण्याचा हट्ट धरला, तेव्हा आम्ही वर्तमानपत्र हाताशी घेऊनच बसलो.

वर्तमानपत्र जवळ बाळगण्याला आणखीही एक कारण होते. आमची तेरा वर्षांची कन्या आठ दिवस आमच्याशी बोलत नव्हती. म्हणजे पाणी हवे का, दार लावू का, एवढे विचारीत असे. परंतु ते भाडेकरूने घरमालकास विचारावे तसे. अपराध कोणाचा हे ठरविण्यापूर्वी हकीकत सांगितली पाहिजे, आणि हकीकत कळावयाची तर आमच्या टापूतील एक चमत्कारिक प्रकार वाचकांस ठाऊक असला पाहिजे.

हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना १९५४ साली पिंपरीस स्थापन झाला, आणि तेथपासून या माळरानावर कारखान्यांची जी रांग लागली ती आकुर्डी, भोसरी ओलांडून चाकणपर्यंत जाऊन पोहोचली. चाकण म्हटले की पूर्वी लोकांना कांद्याचा बाजार आठवे, किंवा १६६० साली फिरंगोजी नरसाळ्याने शायिस्तेखानाविरुद्ध सुमारे पावणेदोन महिने झुंजविलेला संग्रामदुर्ग. हल्ली मोटारी आठवतात. आता मोटार ही वस्तू अशी, की ती विकावयास काढण्यापूर्वी महिनोन्‌महिने खऱ्या रस्त्यावर, खऱ्या खड्ड्यांतून चालवून पाहावी लागते. आणि ती दिसते कशी हे तर तोवर कोणास कळता कामा नये. म्हणून तिला काळ्यापांढऱ्या वेटोळ्यांचे एक कातडे चढवितात. त्या नक्षीमुळे पत्रा कोठे वळतो, कोठे दबतो, हे डोळ्यास लागत नाही. पहिल्या महायुद्धात, १९१७ पासून, इंग्रजांनी आपली जहाजे असल्याच पट्ट्यांनी रंगविली होती. पाणबुडीतल्या शत्रूला जहाजाचा रोख व वेग यांचा अंदाज येऊ नये हा हेतू. आमच्याकडे शत्रूच्या जागी शाळाकॉलेजांतली मुले आहेत. ती रस्त्याच्या कडेला दबा धरून अशा झाकलेल्या गाड्यांची छायाचित्रे टिपतात, त्यांना 'स्पाय शॉट' म्हणतात, आणि ती मोबाईलवरून जगभर धाडतात. अशी ही हेरगिरी आमच्या टापूत रोज दिवसाढवळ्या चालते.

आम्ही स्वतः अशाच एका कारखान्यात नोकरीस आहो. त्याचे नाव येथे सांगणे नलगे. सकाळी फाटकावर शिरताना आमच्या मोबाईलच्या कॅमेऱ्यावर एक चिकटपट्टी लावली जाते. आत काय चालते ते बाहेर बोलणार नाही, असे आम्ही लिहून दिलेले आहे. दोन वर्षे आम्ही एका नव्या गाडीवर काम करीत होतो आणि घरी त्यासंबंधी एक अक्षर बोललो नव्हतो. 'आज काय केलंस, बाबा?' असे मुलांनी विचारले की 'काम' हे आमचे उत्तर ठरलेले. हळूहळू मुलांनी विचारणे सोडले, आणि हे लक्षात येण्याइतकीही सवड आम्हांस नव्हती.

एकदा आम्ही सहकुटुंब राजगुरुनगरहून, म्हणजे आमच्या सासुरवाडीहून, परतत होतो. चाकणच्या तळेगाव चौकातील वाहनांची कोंडी ज्यांनी भोगली आहे त्यांस वर्णनाची जरूर नाही. ज्यांनी भोगली नाही त्यांनी देवाचे आभार मानावेत. तेथे थांबून आम्ही मान मागे टाकून डोळे मिटले होते. तेवढ्यात शेजारी एक वेटोळ्यांची गाडी येऊन उभी राहिली. कन्येने काचेतून तिचे छायाचित्र काढले, मैत्रिणीस पाठविले, मैत्रिणीच्या थोरल्या भावाने ते पुढे ढकलले. दोन दिवसांनी कचेरीतल्या बैठकीत आमच्या वरिष्ठांनी एक मोबाईल टेबलावर सरकविला. 'ही आपली गाडी. कोणी काढला असेल हा फोटो?' मोबाईल हातोहात फिरत आमच्याकडे आला. चित्राच्या कोपऱ्यात, काचेच्या कडेशी, शेंदरी रंगाचा एक चिमुकला गणपती दोऱ्याने लोंबत होता. मोरया गोसावींच्या समाधिमंदिराबाहेर आम्ही स्वहस्ते विकत घेतलेला गणपती आम्ही ओळखणार नाही तर कोण? आम्ही मोबाईल पुढच्या गृहस्थाच्या हाती दिला आणि 'कल्पना नाही' असे म्हणालो.

ते असत्य घेऊन आम्ही घरी आलो आणि सारा राग पोरीवर काढला. नाही नाही ते बोललो. 'ती गाडी कोणाची आहे, काही ठाऊक आहे तुला?' या आमच्या प्रश्नावर ती एवढेच म्हणाली, 'तू कधी सांगितलंस?' त्यानंतरचे आठ दिवस वर सांगितलेच आहेत.

असो. चित्र सुरू झाले. हे 'स्पाय किड्स २ : द आयलंड ऑफ लॉस्ट ड्रीम्स' २००२ सालचे. रॉबर्ट रॉड्रिग्ज हा त्याचा कर्ता. त्याच्या आदल्या वर्षीच्या पहिल्या भागात कार्मेन आणि जूनी या बहीणभावंडांना आपले आईबाप गुप्तहेर असल्याचा शोध लागतो आणि ती पोरेच त्यांची सुटका करतात, एवढे आम्हांस आठवत होते. आता दुसऱ्यात ती पोरे पगारी हेर झालेली असणार, नवी नवी यंत्रे मिरविणार, आणि शेवटी मोठा धडाका होणार, हे सांगावयास ज्योतिषी नको होता. आमचे तीर्थरूप तर वेताच्या खुर्चीत बसल्याबरोबर म्हणाले, 'हेरगिरी हा काय पोरांचा खेळ आहे?' त्यांचेही खरे होते. ते जुन्या चिंचवडातले. चापेकरांचा वाडा त्यांच्या रोजच्या वाटेवरचा. १८९७ साली रँडचा वध झाला आणि पुढे द्रविड बंधूंनी बक्षिसाच्या लोभाने चापेकरांची खबर दिली, १८९९ साली त्या द्रविडांनाही गोळ्या खाव्या लागल्या, ही कथा येथे घरोघर सांगितली जाते. बहिर्जी नाईकांचे नाव घेतले की छाती फुगते हे खरे. तरी चिंचवडच्या माणसाला खबऱ्या हा शब्द सहजासहजी गोड लागत नाही.

पहिल्याच प्रसंगाने आम्ही चपापलो. अमेरिकेच्या अध्यक्षांची लहानगी मुलगी एका जत्रेसारख्या करमणूकनगरीतल्या भल्या उंच पाळण्यावर जाऊन बसली आहे आणि खाली यावयास तयार नाही. बापाच्या कचेरीतले एक अतिगुप्त यंत्र तिने पळविले आहे. खाली शिपायांची धावपळ, वर पोरगी हटून बसलेली. कशासाठी? तर बापाने स्वतः यावे म्हणून. बाप कामात असतो. माणसे पाठवितो, आपण येत नाही. हा सारा प्रसंग विनोदाचा, आणि आमचे चिरंजीव खदखदा हसत होते. कन्या हसली नाही. आम्ही वर्तमानपत्राची घडी उघडली, पण त्यातले काही वाचल्याचे स्मरत नाही.

यापुढचे कथानक सांगत बसण्यात अर्थ नाही, कारण ते कथानक म्हणून फारसे धड नाही. ते गुप्त यंत्र चोरीला जाते, जूनीवर आळ येतो, त्याची नोकरी जाते. बहीण खटपट करून त्याला परत घेते आणि दोघे एका अज्ञात बेटावर जातात. चोरांचे बेत पोकळ आहेत, काही विनोद पोरकट आहेत, आणि गणकयंत्रावर काढलेली चित्रे आज वीस वर्षांनंतर रंग उडालेल्या पडद्यासारखी दिसतात. तथापि बेटावर पाऊल पडताच एक गोष्ट घडते, आणि तेथून हे चित्र आमच्या अपेक्षेच्या पुढे निघून गेले. मुलांची सारी यंत्रे बंद पडतात. घड्याळे, कळा, बटणे, काही काही चालत नाही. पहिल्या भागाचे जे भांडवल होते तेच दुसऱ्या भागाने आपण होऊन टाकून दिले! उत्तरभाग करणाऱ्यांपैकी किती जणांना हे धैर्य होईल? आता पोरांजवळ उरते ती एकमेकांची संगत आणि थोडीबहुत अक्कल. गुहेतल्या एका सांगाड्याच्या गळ्यातली माळ उचलल्याबरोबर सांगाडे उठून तलवारी घेऊन अंगावर येतात. हा देखावा १९६३ सालच्या 'जेसन अँड द आर्गोनॉट्स'मधील रे हॅरीहाउसेनच्या सांगाड्यांना केलेला उघड नमस्कार आहे. ज्याचे ऋण घेतले त्याचे नाव लपवू नये, एवढे सौजन्य आम्हांस आवडले.

आणि मग तो शास्त्रज्ञ. स्टीव्ह बुसेमी या नटाने केलेला रोमेरो. या गृहस्थाने मुलांसाठी तळहातावर मावेल असे चिमुकले प्राणिसंग्रहालय करावयाचे योजिले होते. मग हौसेने त्याने प्राण्यांचे सांधे जुळविले: अर्धा कोळी अर्धे माकड, अर्धा साप अर्धी पाल, उडणारी डुकरे. एका चुकीने ते सारे प्रचंड वाढले, आणि तेव्हापासून हा निर्माता आपल्याच निर्मितीच्या भयाने भूमिगत होऊन बसला आहे. एका भिंगातून बाहेर पाहतो, दार उघडीत नाही. आपण केलेले आपल्याला खाऊन टाकील अशी त्याची खात्री. शेवटी तो बाहेर येतो तेव्हा कळते, की ते प्राणी त्याला खावयास टपलेले नव्हतेच. रोमेरो दार उघडतो त्या क्षणी आमच्या वडिलांनी खुर्चीतून पुढे झुकून विचारले, 'किती वर्षं बसला म्हणायचा हा आत?' कन्येने उत्तर दिले. ती त्यांना सारे मराठीत समजावून सांगत होती, आणि तिचे भाषांतर मुळाहून बरे आहे असे आम्हांस मधून मधून वाटत होते.

परंतु आमच्या घराने खरी पसंती दिली ती पाणबुडीला. मुले संकटात आहेत असे कळताच आईबाप पाणबुडीतून निघतात, आणि पाहतात तो मुलीचे आईवडील, म्हणजे पोरांचे आजीआजोबा, न बोलाविता तीत येऊन बसलेले! आजोबा जुने, निवृत्त हेर. जावई त्यांना पसंत नाही. त्याला काही येत नाही असे त्यांचे ठाम मत. समुद्राच्या तळाशी, पोरे कोठे आहेत याचा पत्ता नसता, सासरेबुवा जावयाला गाडी कशी हाकावी ते सांगत आहेत! आमची सौभाग्यवती डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली, आणि आमच्याकडे पाहून पुन्हा हसली. राजगुरुनगरच्या प्रत्येक प्रवासात आमच्या मागच्या बाजूस बसून ब्रेक कधी दाबावा हे सांगणारे एक वयोवृद्ध गृहस्थ आमच्याही परिचयाचे आहेत. त्या आजोबांचे काम रिकार्डो मॉन्टल्बान याने चाकांच्या खुर्चीत बसून केले आहे. १९९३ मधील एका शस्त्रक्रियेनंतर तो खरोखरच खुर्चीला खिळला होता. पण त्याच्या बोलण्याबसण्यात दयेची याचना औषधालाही नाही. आमच्या वडिलांचे गुडघे गेल्याला पाच वर्षे झाली. त्यांनी त्या खुर्चीकडे फार वेळ पाहिले.

येथे एक विषयांतर. आमच्या पिढीचा बालवीर म्हणजे भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे. राम वाईरकरांनी काढलेली त्याची ती काटकुळी मूर्ती आणि सायकल कोण विसरेल? भागवतांनी ज्यूल व्हर्न मराठीत आणला, आणि व्हर्नच्या बेटावरूनच हॅरीहाउसेनचे राक्षसी प्राणी १९६१ साली पडद्यावर चालत आले; तेव्हा हे गोत्र दूरचे असले तरी एकच. फेण्यावर २०१७ साली आदित्य सरपोतदारांनी चित्र काढले तेव्हाही आम्ही धास्तावून गेलो होतो, आणि अमेय वाघांचा फेणे व दिलीप प्रभावळकरांचे भागवत पाहून समाधानाने परतलो. पण फेण्याच्या साहसात आईबाप फारसे वाटेत येत नाहीत. पोर एकटे सुटते, पराक्रम करते. घर दूर असते. रॉड्रिग्जने घरच्या घर साहसात लोटले आहे, तीन पिढ्यांसकट, भांडणांसकट. याला कारण त्याची काम करण्याची रीतही असेल. हा मनुष्य १९९२ साली सुमारे सात हजार डॉलरांत 'एल मारियाची' नावाचे पहिले चित्र उभे करून पुढे आला. या चित्राचेही लेखन त्याचे, दिग्दर्शन त्याचे, कॅमेरा त्याचा, संकलन त्याचे, आणि संगीतातही वाटा. हे आम्ही वडिलांस सांगितले तेव्हा ते म्हणाले, 'म्हणजे डाय त्यानेच केली, प्रेसवर तोच, आणि तपासणीही त्याचीच. मग माल असा असणारच.'

चित्राच्या शेवटी जूनीला मानाने परत बोलावितात, आणि तो नोकरी नाकारतो. हेरखाते माणसांना माणसांसारखे वागवीत नाही, एवढेच त्याचे म्हणणे. पोराच्या तोंडी हे वाक्य अवजड आहे. तरी आम्ही ते ऐकून घेतले.

दिवे लावल्यावर चिरंजीवांनी आजोबांस विचारले, 'आजोबा, तुम्ही कारखान्यात काय करायचात?' आम्ही मान वर केली. वडील १९६७ ते १९९८, एकतीस वर्षे, पिंपरीच्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये होते. भोंगा, पाळी, डबा, तेलाचा वास, एवढेच त्यांच्या कामाविषयी आम्हांस ठाऊक. त्यांनी कसली शपथ घेतली नव्हती, कोठे सही केली नव्हती. वडील थोडा वेळ गप्प राहिले आणि मग सांगू लागले. एका स्कूटरच्या बाजूच्या पत्र्याची डाय होती. पत्रा जेथे वळे तेथे दर दहापाच नगांमागे एक फाटे. साहेबांनी डाय मोडीत काढावयाचे ठरविले होते. यांनी अकरा दिवस ती गोलाई हाताने घासली, पॉलिश केली, पुन्हा घासली. बाराव्या दिवशी पत्रा फाटला नाही. 'पुढे तीच स्कूटर आपण घेतली,' ते म्हणाले. 'तू पुढे उभा राहून शाळेत जायचास तिच्यावर. उजवा गुडघा टेकायचास ना, त्याच्या खालचा पत्रा.'

आम्ही विचारले, 'बाबा, हे तुम्ही कधी बोलला नाहीत.'

'अरे, विचारलं कोणी?'

कन्या आमच्याकडे पाहत होती. आठ दिवसांत प्रथमच सरळ पाहत होती.

सोमवारी आम्ही वरिष्ठांच्या खोलीत जाऊन गणपतीचा उलगडा केला. काय होईल ते होवो अशी मनाची तयारी होती. त्यांनी चित्र पुन्हा न्याहाळले, दार लोटून घेतले, आणि हलक्या आवाजात म्हणाले, 'रस्त्यावरची गाडी, कोणीही काढील. माझ्या मुलाकडे तर मागच्या बाजूचा आहे. याहून चांगला आलाय.' आम्ही घरी येऊन कन्येची क्षमा मागितली. रागाबद्दल मागितली, गाडीविषयी अजूनही काही सांगता येत नव्हते, एवढे मात्र सांगितले. तिने मान हलविली. त्यानंतर एकदा तळेगाव चौकात तसलीच वेटोळ्यांची गाडी शेजारी आली, तेव्हा तिने मोबाईल उलटा करून मांडीवर ठेवला आणि आमच्याकडे पाहून ओठ घट्ट मिटले. आम्ही गंभीरपणे समोर पाहत राहिलो.

दसऱ्याच्या सुमारास ती गाडी बाजारात आली. कातडे उतरले. आम्ही सर्वांना घेऊन दुकानात गेलो. विकत घेणे आवाक्याबाहेरचे होते, पण पाहण्यास पैसे पडत नाहीत. आम्ही मागचे दार उघडले आणि चौकटीभोवतीची काळी रबरी पट्टी कन्येस दाखविली. पावसाचे पाणी आत येऊ नये, दार लागताना आवाज बोदा यावा, आणि तरी दार ओढावयास जड जाऊ नये; दोन वर्षे आम्ही ती पट्टी बसवीत होतो. कन्येने बोटाने ती दाबून पाहिली.

'एवढंच?'

'एवढंच.'

तिने दार लावले. पुन्हा उघडले, पुन्हा लावले, कान देऊन ऐकले, आणि धाकट्यालाही ऐकावयास लाविले. मागून वडील काठी टेकीत आले. त्यांनी चष्मा कपाळावर चढविला, अंगठ्याचे नख दाराच्या फटीतून वरपासून खालपर्यंत सावकाश फिरविले, मध्ये एके ठिकाणी थांबले, पुन्हा फिरविले, आणि म्हणाले, 'बरी बसली आहे.'